चार भिंतीच्या वळणावर रडू फुटलं, आता चालायला जाऊ का नको?

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी साताऱ्याची, वय ५९. आठ महिन्यांपूर्वी मिस्टर गेले, हार्टचं झालं, काही करायला वेळच मिळाला नाही. २४ वर्षं रोज पहाटे आम्ही दोघं टेकडीवरच्या चार भिंती स्मारकापर्यंत चालायला जायचो. मुलगा पुण्याहून फोन करून सांगतो, आई घरात बसू नको, ते माइंडफुल वॉकिंग कर, म्हणजे पावलांकडं लक्ष देत सावकाश चालायचं, मन हलकं होतं. परवा गेले, तर हे पुढं जाऊन ज्या कठड्याशी माझ्यासाठी थांबायचे तिथं असं रडू फुटलं की तशीच खाली आले न् रिक्षा करून घर गाठलं. ओळखीचे बघत होते, लाज वाटली. हे मला जमणारं आहे का?

उत्तर : ताई, लाज कसली त्यात, तिथं नाही रडायचं तर कुठं रडायचं. फक्त तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड रस्ता धरलात.

आणि मुलगा म्हणतोय ते बरोबर आहे पण मन हलकं करायला म्हणून जाऊ नका, तसं ठरवून गेलं की ते होत नाही आणि वर आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. हे चालणं जुनं आहे, बौद्ध भिक्खू त्याला चंक्रमण म्हणतात, पाली ग्रंथांत त्याचे ५ फायदे दिलेत, त्यात मन एकाग्र होतं हे आहे तसं खाल्लेलं पचतं हेही आहे, आणि मला हे दुसरंच जास्त पटतं कारण माणूस गेलं की आधी जेवण जातं.

करायचं एवढंच, गच्चीवर नाहीतर अंगणात दहा मिनिटं, सावकाश, टाच टेकली, तळवा टेकला, बोटं टेकली. व्हिएतनामचे थिच न्हात हान नावाचे भिक्खू श्वासाबरोबर पावलं मोजायला सांगायचे, श्वास घेताना किती पडली, सोडताना किती, मुद्दाम जुळवायचं नाही. मधेच ती रात्र आठवणार, दवाखाना आठवणार, आठवू दे, लक्षात आलं की परत तळव्याकडं यायचं, शंभर वेळा यावं लागलं तरी. रडू आलं तर थांबा, डोळे पुसा, मग पुढचं पाऊल. त्या दहा मिनिटांत इअरफोन नको आणि "कशा आहात आता" विचारणाऱ्या मैत्रिणीही नकोत.

माझे वडील गेले तेव्हा मी सांगलीला होते, हरिपूर रोडनं चालायचे, त्या दिवसांतलं मला फक्त चपलांचा आवाज आठवतो, बाकी काही नाही.

बाहेर जावंसं वाटलं तर गोडोलीच्या तळ्याकडं जा किंवा उजाडता उजाडता गोल बागेत. यवतेश्वरच्या घाटात सुट्टीच्या दिवशी कासच्या गाड्या असतात, तिथं पावलाकडं कसलं लक्ष लागतंय. माहुलीकडं सध्या नकोच, तिथं स्मशान आहे, बाकी तुम्हाला सांगायला नको.

एक मात्र ऐका. झोप नाही, जेवण नाही, यांच्यामागं आपणही जावं असं मनात यायला लागलं, तर त्यावर चालणं हा उपाय नाही. मुलाला लगेच सांगा, डॉक्टर गाठा, किंवा सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

चार भिंतीचा रस्ता कुठं पळून जात नाही. दिवाळीनंतर थंडी पडली की बघा जावंसं वाटतंय का, आणि त्या दिवशी रिक्षाचे पैसे जवळ ठेवा, लागले तर लागले.