बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याला पस्तीस हजार?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतले तुमचे काका गेले. वीसेक वर्षं खपून गोळा केलेला घराण्याचा कुलवृत्तांत त्यांनी ‘द मास्टर जिनिऑलॉजिस्ट’ या सॉफ्टवेअरमध्ये ठेवला होता. चुलतभाऊ लॅपटॉपसकट परवाना तुमच्या नावावर करून द्यायला तयार आहे, पण ३५,००० रुपये मागतोय. द्यावेत का?

परवान्यापोटी एक रुपयाही देऊ नका. कंपनीने हे सॉफ्टवेअर २०१४ मध्येच बंद केलं. परवाना म्हणजे मालकी नव्हे, नुसती वापरायची परवानगी. ती वारसाकडे जाते की नाही, हे करारातल्या अटींवर ठरतं. समजा मिळाली, तरी नवी आवृत्ती नाही आणि अडलं तर विचारायला कोणी नाही. ते ज्या व्हिज्युअल फॉक्सप्रोवर (प्रोग्रॅम बनवायच्या साधनावर) उभं आहे, त्यालाही मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये रामराम केला. वाटणीच्या यादीत अशा वस्तूपुढे मी शून्य लिहितो.

काकांच्या माहितीचं तसं नाही. त्यांनी लिहिलेल्या टिपणांचा कॉपीराइट वारसांकडे येतो; अमेरिकेत तो मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. म्हणजे भावाकडे विकण्यासारखं काहीतरी आहे, फक्त त्याने चिठ्ठी भलत्याच डब्याला लावलीय! त्याच्याकडून बॅकअपची फाइल, फोटोंचा वेगळा फोल्डर आणि ‘ही माहिती वापरायला, छापायला माझी हरकत नाही’ असं लेखी घ्या. इतर वारस असतील तर त्यांचीही सही हवी.

ही बॅकअपची फाइल ‘रूट्समॅजिक’ हे वंशावळीचं दुसरं सॉफ्टवेअर थेट वाचतं. ते काही हजारांत येतं. फुकटचं ‘ग्रॅम्प्स’ही आहे, पण तिथे जेडकॉममधून (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायच्या सामाईक फाइलमधून) जावं लागतं आणि त्या वाटेत प्रसंगांचे साक्षीदार, संदर्भ अशी बारीक माहिती गळू शकते. काकांनी संदर्भ नेटाने लिहिले असतील, तर ‘रूट्समॅजिक’वर खर्च करा.

एक मेख आहे. काकांचं हे जुनं सॉफ्टवेअर युनिकोड, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्यांची आजची सामाईक अक्षरपद्धत, जाणत नाही. काकांनी नावं इंग्रजी लिपीत लिहिली असतील तर ठीक. जुन्या मराठी फॉन्टमध्ये लिहिली असतील तर नव्या ठिकाणी ‘गोविंद’च्या जागी निरर्थक रोमन अक्षरं दिसतील. ती सुधारायची मजुरी तुमच्याच डोक्यावर.

म्हणून आधी फाइल मागवा, उघडून बघा. नावं नीट दिसली तर भावाच्या खटाटोपाचे आठ-दहा हजार द्यायला माझी ना नाही. तोवर लॅपटॉप फॉरमॅट करू नकोस, एवढं मात्र त्याला आजच कळवा.