पंपाच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून कुलपं लावली, तर सॉल्व्हंट लाइन खोलता येईल का?

नाही, तेवढ्यावर खोलू नका. कुलपामुळे हँडल फिरत नाही इतकंच. आतली सीट झिजलेली असेल किंवा तिच्यात कचरा अडकला असेल, तर बंद व्हॉल्व्हही पास होतो, म्हणजे आतून गळतो. नॉन-रिटर्न आणि कंट्रोल व्हॉल्व्ह तर हिशेबात धरूच नका.

मोटरची वीज तोडून तिथेही कुलूप लावा. मग पंपाचा भाग बंद ड्रेनमध्ये (उघड्यावर न सांडता टाकीत नेणाऱ्या निचऱ्याच्या पाइपमध्ये) रिकामा करा, दाब सोडा आणि पुन्हा दाब चढतो का, थेंब चालू राहतो का ते पाहा. ड्रेनमधून काहीच आलं नाही, तर उलट जास्त सावध व्हा. गाळाने ड्रेन चोक झाला की लाइन रिकामी वाटते, पण नसते. व्हेंटकडून (वरच्या हवा सोडायच्या तोंडाकडून) कमी दाबाने नायट्रोजन सोडून तो ड्रेनमधून निघतो का बघा. गेजच्या शून्यावरही जाऊ नका: ०-१६ बारच्या गेजवर ०.१ बार दिसत नाही, आणि ०.१ बार म्हणजे जवळपास १ मीटर पाण्याचा दाब, तोंडावर सॉल्व्हंट उडायला पुरेसा.

पंप काढून न्यायचा असेल तर दोन्ही बाजूंना ब्लाइंड, म्हणजे लाइन बंद करणाऱ्या भरीव चकत्या, हवेतच. ब्लाइंड घालणं हीसुद्धा लाइन खोलणंच आहे, त्यामुळे वरची खात्री आधी झालेली असावी. फ्लँज (बोल्टने आवळलेला पाइपचा जोड) खोलताना अंगापासून लांबचे बोल्ट आधी ढिले करा, काढू नका. ठिणगी न पडणाऱ्या पाचरीने फट पाडा. आत काही राहिलं असेल तर ते पलीकडे उडेल आणि बोल्ट जागेवर असल्याने लगेच आवळता येतील. ब्लाइंड लाइनच्या दाबाला पुरेल अशा जाडीचा घ्या. पत्र्याचा तुकडा फुगतो. पाइपला जोडलेल्या फ्लँजमध्ये घालत असाल तर दोन्ही अंगांना नवी गॅस्केट घाला, आणि सगळे बोल्ट पूर्ण आवळा.

हे शेवटचं किरकोळ वाटतं, म्हणून सांगतो. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता. त्या जागी बसवलेला ब्लाइंड फ्लँज गळतीबंद नव्हता आणि रात्रपाळीला ते माहीतच नव्हतं. पंप चालू करताना तिथूनच गळती झाली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. १६७ माणसं गेली.

म्हणून प्रत्येक ब्लाइंडला क्रमांक द्या, तो परमिटवर (कामाच्या लेखी परवानगीवर) लिहा आणि पाळी बदलताना जागेवर नेऊन दाखवा. काम संपल्यावर सगळे क्रमांक परत आल्याशिवाय आणि लीक टेस्ट झाल्याशिवाय कुलपं काढू नका.