दुसरीतल्या मुलाला शाळेच्या डब्यात काय द्यावे?

आपला मुलगा दुसरीत आहे, पोळी-भाजीचा डबा रोज अर्धा परत येतो आणि डबा पौष्टिक तर हवाच, पण त्याने तो आवडीने खाल्लाही पाहिजे, असे आपण विचारले आहे. मी कोल्हापुरात राहते आणि घरातल्या दोन मुलांचे डबे भरते. माझे मत असे, की पदार्थ निवडताना तो तीन-चार तासांनी, गार झाल्यावर, मधल्या सुट्टीच्या घाईत आणि कुणी भरवायला नसताना कसा खाल्ला जाईल, याचा विचार आधी करावा आणि पौष्टिकतेचा हिशेब त्यानंतर मांडावा. आपण चाखतो तो तव्यावरचा पदार्थ. मुलाच्या वाट्याला येतो तो निराळाच. म्हणून नवा पदार्थ देण्यापूर्वी रविवारी सकाळी तो करून डब्यात झाकून ठेवावा आणि दुपारी स्वतः खाऊन पाहावा.

या कसोटीवर ज्वारीची भाकरी उतरत नाही. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे पीठ लवचिक ठेवणारे प्रथिन, नसल्यामुळे ती गार झाली की कडक होते आणि लहान हाताने तुकडा मोडून भाजी उचलणे अवघड जाते. त्याच पिठात थोडी कणीक, बेसन, चिरलेली मेथी किंवा किसलेला दुधी आणि दोन चमचे दही घालून धपाटे केले, तर ते दुपारपर्यंत मऊ राहतात आणि भाजी पोटात जातेच. नाचणीचेही तसेच. चंदगड, गगनबावड्याकडे पिकणारी नाचणी येथे सहज मिळते आणि तिच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिची बिस्किटे विकत आणण्यापेक्षा उडदाच्या डाळीबरोबर पीठ रात्रभर आंबवून आंबोळी करावी, कारण आंबवल्याने खनिजे शोषू न देणारे धान्यातले फायटेट कमी होते आणि खनिजे अंगी लागतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी द्यावी. ओल्या नारळाची चटणी उन्हाळ्यात दुपारपर्यंत टिकत नाही.

प्रथिनांची फार धास्ती घेऊ नये. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या प्रमाणांनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिने लागतात आणि मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सात-साडेसात ग्रॅम मिळतात. मोड आलेल्या मटकीची उसळ मुले आवडीने खातात, पण ती रस्सा न ठेवता कोरडी परतावी, म्हणजे दप्तरात सांडत नाही. वरून लिंबू पिळावे; त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकीतले लोह अधिक शोषले जाते. शेंगदाण्याचा लाडूही चांगला, मात्र गूळ घातला म्हणून तो हवा तितका द्यावा, हे मला पटत नाही. कोल्हापुरात राहून हे लिहिणे धाडसाचे आहे, पण लाडवातल्या गुळातून मिळणारे लोह अगदी थोडे असते आणि दातांच्या दृष्टीने गूळ म्हणजे साखरच. वर्गात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी नाही ना, हे शिक्षकांना विचारून घ्यावे.

भात द्यायचा असेल, तर तो सकाळी ताजा करावा. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात असे जिवाणू वाढतात, ज्यांचे विष गरम करूनही जात नाही. दहीभातासाठी मऊ भात पूर्ण निवू द्यावा, त्यात उकळून गार केलेले दूध आणि चमचाभर दही कालवावे. सुट्टीपर्यंत ते विरजते आणि आंबट होत नाही.

तिखटाबाबत आपल्याकडे उगाच अभिमान असतो. घरी कांदा-लसूण चटणी घातलेली भाजी आवडीने खाणारे मूलसुद्धा शाळेत पाण्याची बाटली संपेल म्हणून तीच भाजी ठेवून देते. डब्यात तिखट निम्मे करावे.

पोळी वाफ जिरल्यावर सुती कापडात गुंडाळून भरावी. गरम पोळीवर झाकण लावले, की वाफेचे पाणी होऊन ती चिकट होते. केळे सालासकट द्यावे. डबा लहान भरावा आणि संपला तर दुसऱ्या दिवशी अर्धी आंबोळी वाढवावी. शनिवारी सकाळची शाळा लवकर सुटत असेल, तर कमी तिखटाचे घरचे भडंग, भरपूर शेंगदाणे आणि मूठभर फुटाणे घालून दिले तरी पुरते.