सोयाचं ‘दूध’ म्हणावं का?

प्रश्न: व्हीगन (मांस-अंड्यांसोबत दूधदुभतंही वर्ज्य असलेल्या) आहाराच्या प्रचारपत्रकात आम्ही ‘सोयाचं दूध’ लिहिलं. एका जाणकारांच्या मते दूध फक्त सस्तन प्राण्यांचं, म्हणून ‘वनस्पती-आधारित पेय’ लिहावं. बरोबर काय? आणि ‘व्हीगन’ला मराठी शब्द कोणता?

उत्तर: बिनधास्त ‘सोयाचं दूध’ लिहा. हल्ली जो तो कशालाही ‘आधारित’ चिकटवतो. सत्यघटनेवर आधारित सिनेमा असतो हो, पेय कसलं आधारित?

या जाणकारांनी घरी सोलकढी केलेली दिसत नाही. नारळ खवून, वाटून, पिळून पहिलं दूध, दुसरं दूध काढतात, ते कुठल्या सस्तन प्राण्याचं? ‘दूध’ आलं ‘दुग्ध’वरून आणि ‘दुग्ध’ म्हणजे ‘दुह्’ धातूचं रूप: दोहलेलं, काढलेलं. शब्दात गाय नाहीच, क्रिया आहे. संस्कृत कवी तर पृथ्वी दोहून रत्नं काढतात. ‘क्षीर’ही तसंच, वड, पिंपळ, उंबर हे क्षीरवृक्षच.

पण खरी गंमत आपल्या ‘चीक’ या शब्दात. गाय व्यायली की चीक, त्याचा खरवस. गहू भिजवून वाटला की चीक, त्याच्या कुरडया. रुईचं पान खुडलं की बोटाला चीक. गाय, गहू, रुई एका शब्दात! काहीजण गाईचा चीक आधीचा मानतात. मला ते साफ नामंजूर. ‘चिकट’, ‘चिकणा’ याच कुळातला हा शब्द, तेव्हा झाडाचा चीक आधी, गाईचा मागाहून. माझा तर्क आहे, पण मी हटणार नाही.

१४ जून २०१७ रोजी युरोपीय न्यायालयाने टोफूटाउन या जर्मन कंपनीच्या खटल्यात निव्वळ वनस्पतिजन्य मालाला ‘दूध’, ‘चीज’ म्हणायला मनाई केली. नारळाच्या दुधाला मात्र सूट! म्हणजे व्याख्या केली आणि स्वयंपाकघरापुढे हात टेकले. २०२१ मध्ये आपल्या एफएसएसएआयनेही (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) असाच बडगा उगारला. विकायच्या पाकिटावर तो नियम पाळा. पत्रकाला तो कशाला? पिढ्यानपिढ्या डालड्याला ‘वनस्पती तूप’ म्हटलं, तेव्हा हे शुद्धतावादी कुठे होते?

हां, ‘व्हीगन’ राहिलंच. ‘व्हीगन’च लिहा. ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिलंत तर लोक येऊन पनीर मागतील, वर ताकही.