एच-वन-बीवर येतोयस ना, मग ओबामाकेअरचं हे आधी वाच

तू विचारलंयस की एच-वन-बी म्हणजे नोकरीच्या व्हिसावर बायको-मुलीला घेऊन अमेरिकेत न्यू जर्सीला येतोय, ओबामाकेअर म्हणे राष्ट्राध्यक्ष बदलला की बदलतं, मग त्यावर भरवसा ठेवायचा का. मी इथे १४ वर्षं आहे, हे सगळं बघितलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ओबामाकेअर म्हणजे ओबामांच्या काळातला आरोग्य विम्याचा कायदा, २०१० चा, सुप्रीम कोर्टात तीनदा टिकलाय. बदलतात ते नियम, आणि त्याला दरवेळी संसद लागत नाही. सुरुवात ओबामांनीच केली, कंपन्यांनी नोकरदारांना इन्शुरन्स द्यायची सक्ती २०१३ त वर्षभर पुढे ढकलली, विरोधी रिपब्लिकन पक्षवाले भडकले की कायद्यातली तारीख तुम्ही कशी बदलता, आणि हाऊसने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, केस टाकली. त्याच केसमध्ये दुसरा मुद्दा होता की गरिबांचा खर्च कमी करायला इन्शुरन्स कंपन्यांना दिलेले पैसे संसदेने मंजूरच केलेले नाहीत. २०१६ मध्ये जजने ते मान्य केलं आणि ऑक्टोबर २०१७ त ट्रम्पनी ते पैसे थांबवले. मला हा कायदा मनापासून हवाय, तरी सांगते, तो आक्षेप खरा होता, संसदेशिवाय नुसत्या पेनाने दिलेलं पेनानेच जातं.

शॉर्ट टर्म प्लॅनचंही, म्हणजे थोड्या मुदतीच्या आरोग्य विम्याचंही, तेच, ट्रम्पनी २०१८ त ३ महिन्यांचे जवळपास वर्षाचे केले, बायडननी २०२४ त ४ महिन्यांवर आणले. स्वस्त दिसतात पण जुना आजार धरत नाहीत. टेक्सासमधल्या माझ्या मैत्रिणीने नोकरी सुटल्यावर घेतला होता, पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, कंपनी म्हणाली दुखणं आधीचं आहे, सगळं बिल तिच्यावर. न्यू जर्सीत हे प्लॅन विकता येत नाहीत, पण उद्या नवी नोकरी दुसऱ्या राज्यात लागली तर लक्षात ठेव.

तुला इन्शुरन्स नोकरीतूनच मिळेल. नोकरी गेली तर राज्याच्या एक्स्चेंजवर (विमा विकत घ्यायची सरकारी वेबसाइट) प्लॅन घ्यायला ६० दिवस मिळतात, व्हिसाचा ग्रेस पिरियडही (नोकरी गेल्यावर इथे राहायची मुदत) जास्तीत जास्त ६० दिवसांचाच, त्यामुळे दोन्ही धावपळ एकदम होते. एक्स्चेंजवरच्या हप्त्यावरची सरकारी सबसिडी मात्र धरूनच चालू नकोस, २०२५ च्या कायद्याने (हा संसदेनेच केला) २०२७ पासून एच-वन-बीवाल्यांना ती मिळणार नाही. आणि इन्शुरन्स नसेल तर न्यू जर्सी टॅक्समध्ये दंड लावते.

एचआरला आत्ताच विचार की कव्हरेज पहिल्या दिवसापासून का उशिरा, काही कंपन्या ९० दिवसांपर्यंत थांबवतात. तोवरचा ट्रॅव्हल इन्शुरन्स तिघांचाही तिकडूनच काढून नीघ, मुलीचं लसीकरणाचं कार्ड हँडबॅगेत ठेव.