तेल ओसरल्यावर अझरबैजानची अर्थव्यवस्था कशी राहील?

अझरबैजानकडे तेल आणि नैसर्गिक वायू दोन्ही असल्याने त्याची पुढील वीस वर्षांची प्रगती निश्चित धरावी का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते वाढ होईल, पण ती संथ असेल, आणि तेलावर तिची भिस्त ठेवता येणार नाही.

कॅस्पियन समुद्रातील आझेरी-चिराग-गुनाश्ली या क्षेत्रासाठी १९९४ मध्ये परदेशी कंपन्यांशी करार झाला. बाकूपासून तुर्कस्तानातील जेहान बंदरापर्यंतची १,७६८ किलोमीटरची वाहिनी सुरू झाली त्या २००६ या वर्षी अर्थव्यवस्था ३४.५ टक्क्यांनी वाढली. असा वेग पुन्हा येणार नाही, कारण देशाचे तेल उत्पादन २०१० च्या सुमारास दिवसाला दहा लाख बॅरलपर्यंत पोहोचून तेव्हापासून घटतच आले आहे आणि आता सहा लाखांच्याही खाली आहे. आपल्या ओएनजीसी विदेशचाही या क्षेत्रात छोटा वाटा आहे. कराराची मुदत २०४९ पर्यंत वाढवली असली, तरी मुदत वाढवल्याने जुन्या विहिरींतील दाब वाढत नाही.

तेलावर विसंबण्याची किंमत या देशाने २०१५ मध्ये मोजली. तेलाचे भाव कोसळल्यावर फेब्रुवारीत आणि पुन्हा डिसेंबरमध्ये चलनाचे अवमूल्यन करावे लागले. ज्याने डॉलरमध्ये कर्ज घेतले होते, त्याला हजार डॉलरच्या हप्त्यासाठी वर्षाच्या सुरुवातीला ७८० मनात (तिथले चलन) पुरत असत. वर्षअखेरीस त्याच हप्त्याला सुमारे १,५५० लागू लागले, आणि पगार मात्र होता तेवढाच राहिला. पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था आकुंचन पावली. तरीही देश सावरला, तो १९९९ मध्ये स्थापन केलेल्या राष्ट्रीय तेल निधीमुळे. हा निधी आज ६० अब्ज डॉलरच्या पुढे आहे, आणि सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या देशासाठी ही फार मोठी शिदोरी आहे.

आता सारी आशा कॅस्पियन समुद्रातील शाह देनिझ या वायूक्षेत्रावर आहे. तिथला वायू २०२० च्या अखेरीपासून थेट इटलीपर्यंत जातो, आणि २०२७ पर्यंत युरोपला दुप्पट, म्हणजे वर्षाला २० अब्ज घनमीटर वायू देण्याचे २०२२ मध्ये ठरले. मला ते उद्दिष्ट अवघड वाटते, कारण वाहिन्यांची क्षमता वाढवण्यास लागणारे भांडवल दीर्घ मुदतीच्या करारांवरच उभे राहते, आणि युरोप तर जीवाश्म इंधन कमी करू पाहतो आहे. शिवाय देशातील बहुतेक वीज वायूवरच तयार होते. म्हणूनच गाराडाग येथील २३० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासारख्या कामांचे मोल मोठे आहे: तिथे तयार होणाऱ्या विजेमुळे वाचणारा वायू निर्यात करता येतो.

साठे आटतात हे बाकूजवळच्या सुराखानी येथे डोळ्यांनी दिसते. तेथील आतेशगाह या अग्निमंदिरात भारतीय व्यापाऱ्यांनी कोरवून घेतलेले देवनागरी शिलालेख आहेत. तिथली भूगर्भातील वायूवर जळणारी ज्योत आसपासच्या उपशामुळे १९६९ मध्ये विझली, आणि आज ती नळाने आणलेल्या वायूवर पेटती ठेवतात.

तेलाबाहेरील क्षेत्रांपैकी मध्य आशियातून युरोपकडे जाणारी मालवाहतूक आणि कॅस्पियन किनाऱ्यावरील आलात बंदर यांच्याकडून मला सर्वाधिक अपेक्षा आहे. शेतीची निर्यात वाढत असली तरी अजून लहान आहे. २०२४ मधील ४.१ टक्के वाढ पुढच्याच वर्षी बरीच मंदावली. त्यामुळे आपण एकूण विकासदरापेक्षा तेलेतर क्षेत्राचा वेग आणि तेल निधीतून दरवर्षी अर्थसंकल्पात किती रक्कम वळवली जाते, हे दोन आकडे पाहावेत. २०१७ पासून डॉलरला १.७० वर स्थिर ठेवलेला चलनाचा दर किती काळ टिकेल, हेही त्यांच्यावरूनच कळेल.