शेकडो अंडी घालूनही कीटक धोक्यात का येतो?

प्रश्न : नान्नज परिसरात आता माळढोक दिसणे दुर्मीळ झाले आहे. त्याची मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते, त्यामुळे त्याची अडचण समजते. पण शेकडो अंडी घालणारे कीटक नामशेष होण्याच्या मार्गावर कसे येतात? त्यांना वाचवणे तुलनेने सोपे नाही का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : कीटकाची पैदास करणे सोपे असते, त्याला घरी परत नेणे मात्र नाही. ऑस्ट्रेलियापासून सुमारे ६०० किलोमीटर पूर्वेला असलेल्या लॉर्ड हाऊ बेटावर हा फरक स्पष्ट दिसतो, कारण तेथे तळहाताएवढा, बिनपंखी काडीकिडा आणि पाणकोंबडीच्या कुळातील, उडता न येणारी वुडहेन हे दोघेही एकाच काळात संकटात सापडले. १९१८मध्ये एक जहाज किनाऱ्याला लागून त्यावरचे काळे उंदीर बेटावर उतरले आणि काही वर्षांतच काडीकिडा नाहीसा झाला. मादी नराशिवायही अंडी घालू शकते, पण पिल्लेच खाल्ली जात असतील तर त्याचा काय उपयोग? वुडहेनला उंदरांनी फारसे छळले नाही. तिचे वैरी माणसाने आणलेली डुकरे व मांजरे होती, आणि त्यांच्यापायी ती मुख्यतः माउंट गोवरच्या माथ्यावर उरली. १९८०मध्ये तेथून तीन जोड्या खाली आणून पैदास केली गेली, डुकरे हटवली गेली आणि पुढील काही वर्षांत ऐंशीच्या आसपास पक्षी सोडता आले.

काडीकिडा २००१मध्ये जवळच्या बॉल्स पिरॅमिड या उभ्या खडकावर, एका झुडपाखाली सापडला. २००३मध्ये आणलेल्या दोन जोड्यांपैकी मेलबर्नच्या प्राणिसंग्रहालयातील मादी आजारी पडली, तेव्हा तिला साखर व कॅल्शियमचे मिश्रण पाजून वाचवावे लागले (एका किड्यासाठी एवढी धावपळ क्वचितच झाली असेल!); पुढे तेथे हजारो पिल्ले जन्मली. मात्र त्यांच्यासाठी बेट उंदीरमुक्त करायचे तर विषारी आमिष टाकावे लागणार होते, जे वुडहेननेही खाल्ले असते. म्हणून २०१९च्या मोहिमेत बहुतेक वुडहेन पकडून पिंजऱ्यांत ठेवल्या गेल्या. त्यानंतर त्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. २०२१मध्ये पुन्हा काही उंदीर आढळल्याने शोध नव्याने सुरू करावा लागला, कारण काडीकिड्याच्या परतीआधी बेटावर उंदीर उरलेले नाहीत याची खात्री लागते. वुडहेनला ही अट कधीच नव्हती, तिने उंदरांसोबत शंभर वर्षे काढली होती.